मनगटावरची गरी

"काय गो, चावला परत?"

काका हे माझ्याकडे न बघताच विचारतो. त्याची नजर पाण्यावर. तेरेखोलच्या खाडीला आरोंद्याच्या बाजूने एक जुना दगडी धक्का आहे, त्याच्या शेवटच्या पायरीवर तो बसलेला. उजव्या तर्जनीवरून तंगूस, म्हणजे गरवायचा दोरा, सोडलेला, अंगठा त्याला नुसता टेकलेला. दुसऱ्या टोकाला, पाण्याखाली कुठेतरी, शिशाचा गोळा, गळ आणि गळाला सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, तुकडा. सुट्टीत शहरातून येणारे हौशी लोक काठ्या आणि चकऱ्या घेऊन गरवायला येतात. काकाला काठीचं वावडं आहे. मध्ये काठी आली की मासा काय म्हणतो ते नीट ऐकू येत नाही, असं त्याचं म्हणणं.

आणि चावलेलं असतं माझं घड्याळ. डाव्या मनगटावर दोन बारीक ठोके. सहा-सात किलोमीटरवर, आमच्या माजघरात, बंद न केलेल्या लॅपटॉपवर एक एजंट माझा कोड लिहीत बसलेला आहे आणि त्याला काहीतरी विचारायचं आहे.

हे ज्यांच्या वाट्याला आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२५ या एका वर्षात प्रोग्रामरच्या कामाची तऱ्हा बदलली. क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनाय सीएलआय अशी अवजारं पाठोपाठ आली. यांनाच एजंट म्हणतात. ही नुसती सुचवत नाहीत. त्यांना काम सांगायचं, मग ती स्वतः फायली उघडतात, वाचतात, बदलतात, आज्ञा चालवून बघतात, चाचणी नापास झाली की पुन्हा हात घालतात. मात्र धोक्याचं काही करण्याआधी थांबून विचारतात, 'हे चालवू का?' हा प्रश्न पूर्ण बंद करण्याचा पर्यायही काही अवजारांत मिळतो. तो बनवणाऱ्यांनीच त्या पर्यायाच्या नावात 'धोकादायक' हा शब्द घालून ठेवला आहे, यावरून काय ते समजावं.

माझी गोष्ट सुरू झाली आडाळ्यावर. चार वर्षांपूर्वी पुण्यातली खोली सोडून मी शिरोड्याजवळच्या आमच्या घरी परत आले. नोकरी तीच, खिडकी वेगळी. एके दिवशी एजंटला एक लांबलचक काम दिलं आणि वाटलं, आता हा अर्धा-पाऊण तास तरी मान वर काढणार नाही. आईला म्हटलं, आण तो नारळ, मी खवते. खोबरं खवून झालं, सोलकढी झाली, आईशी एका लग्नाच्या याद्यांवरून थोडं भांडणही झालं. पाऊण तासाने येऊन बघते तर महाराज दुसऱ्याच मिनिटाला थांबलेले. पडद्यावर प्रश्न, 'चाचण्या चालवू का?' त्रेचाळीस मिनिटं तो त्या एका 'हो'साठी उंबरठ्यावर उभा होता. पाव्हणा दारात उभा आणि घरातले सगळे परसात, तसं.

असं दोन-चार वेळा झालं आणि मग मी पडद्यासमोरून हलेनाच. काम करणारा तो आणि जागेवर अडकलेली मी. पूर्वी निदान स्वतः टंकताना बोटं तरी हलायची.

मग घड्याळ. भावाने दिवाळीत दिलं होतं, पावलं मोजायला. माझ्या एजंटमध्ये हुक नावाची सोय आहे. ठरावीक क्षणी, म्हणजे काम संपल्यावर, परवानगी हवी असल्यावर किंवा आज्ञा चालवण्याच्या आधी, तो आपण दिलेली एक छोटी स्क्रिप्ट चालवतो. त्या स्क्रिप्टने एक ओळ एनटीफाय या मुक्त निरोप-सेवेकडे ढकलायची, तिथून निरोप फोनवर आणि फोनवरून मनगटावर. पहिली जोडणी जेवणाआधीच्या तासाभरात झाली. या सेवेत निरोप ज्या 'विषया'खाली जातात त्याचं नाव हीच किल्ली असते. नाव ज्याला ठाऊक त्याला निरोप वाचता येतात. म्हणून 'काजू' असं गोंडस नाव ठेवायचा मोह आवरून बत्तीस अक्षरांचं अगम्य काहीतरी ठेवलं. पुढे निरोपाखाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं आणली. त्यासाठी घड्याळाचं एक छोटं अ‍ॅप लागलं. ते लिहिलं कोणी? एजंटनेच. आपल्यावर नजर ठेवण्याचं साधन त्याने जराही कुरकुर न करता, टापटिपीने, वर चाचण्या जोडून लिहून दिलं. तेव्हा मला त्यात विनोद दिसला होता.

पहिले पंधरा दिवस मी अक्षरशः हवेत होते. शिरोड्याच्या बाजारात मासे घेताना मनगटावर ठोका, 'हो'. आईला दवाखान्यात नेलं, रांगेत ठोका, 'हो'. वेळागरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत चालताना ठोका, 'हो'. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीला मी फोनवर सांगितलं की मी आता किनाऱ्यावर चालत चालत कोड लिहिते. ती म्हणाली, लिहितेस की चालतेस? मी हसण्यावारी नेलं.

काकाबरोबर धक्क्यावर जायला लागले ती याच दिवसांत. लहानपणी त्याने मला गरवायला नेलं होतं, तेव्हा एक शेंगाळा लागला होता आणि त्याच्या काट्याने हात सुजला होता. त्यानंतर वीसेक वर्षं मी त्या वाटेला गेले नव्हते. आता घड्याळामुळे मोकळीक मिळाली. काकाचं वेळापत्रक भरतीवर. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज चारला निघालो तर उद्या पाच वाजायला आले असताना आणि परवा साडेपाचच्या पुढे. माझ्या ऑफिसच्या कॅलेंडरला हे समजावणं अवघड. एजंटला मात्र त्याचं काहीच नव्हतं. त्याला चार काय, साडेपाच काय.

काकाने मलाही एक तंगूस दिला. आणि पहिल्याच संध्याकाळी माझी गंमत झाली. मी डावखुरी. तंगूस डाव्या बोटावर, घड्याळ डाव्या मनगटावर. ठोका लागला की मी जिवाच्या आकांताने तंगूस ओढायची आणि रिकामा गळ हवेत नाचायचा. दोनदा झालं, तिसऱ्यांदा खरंच काहीतरी लागलेलं होतं तर मी घड्याळाकडे बघत बसले.

"मासो नाय तो," काका एकदा म्हणाला, माझ्या तंगुसाला नुसतं बोट लावून. "कुर्ली ती. कुर्ली टोचता, मासो ओढता."

कुर्ली म्हणजे खेकडा. मी विचारलं, हे कळतं कसं? तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला की पालू हळू चाखतो, एकदा, दोनदा, मग ठाम. तांबोसा आला तर विचारायला वेळच देत नाही. शेंगाळा गिळून बसतो आणि तंगूस नुसता जड होतो. बारकी पोरं, म्हणजे माशांची, ती टुकटुक करून सुंगट फस्त करतात, त्यांच्यासाठी हात हलवायचाही नाही. हे सगळं त्या एका बोटाच्या पेरावर. मी माझ्या मनगटाकडे बघितलं. तिथे 'काम झालं', 'काम बिघडलं', 'परवानगी हवी' आणि 'बँकेचा जाहिरातीचा मेसेज' या चारही गोष्टींचा ठोका अगदी एकसारखा होता.

हे त्या दिवशी खटकलं आणि विसरले. आठवण करून द्यायला पुढचा प्रसंग घडावा लागला.

नोकरीखेरीज माझं एक घरचं काम चालू होतं, अजूनही आहे. आमच्या भागात काजूचे छोटे कारखाने पुष्कळ. हंगामात शेतकरी बी घेऊन येतो, वजन होतं, हाताने चिठ्ठी लिहिली जाते, आणि त्या चिठ्ठ्यांचा हिशेब रात्री कोणीतरी डोळे फोडून वहीत उतरवतो. चिठ्ठीचा फोटो काढला की वजन, दर, नाव आपोआप वाचून काढणारं काहीतरी करावं, असं मनात होतं. ओळखीच्या दोन कारखान्यांतून परवानगी घेऊन साडेतीनशेच्या आसपास चिठ्ठ्यांचे फोटो काढले. मग अकरा संध्याकाळी बसून प्रत्येक चिठ्ठीत खरं काय लिहिलंय ते हाताने नोंदवलं. 'सात' की 'एक', 'किलो' की 'पोती', काजूच्या चिकाचा डाग पडलेला आकडा नेमका कोणता, ते त्या त्या कारखान्यातल्या माणसाला विचारून विचारून. शेतकऱ्यांची नावं असल्यामुळे ते फोल्डर मी गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या अवजारात, ठेवलं नव्हतं. गिटला जे सोपवलंच नाही, ते गिट परत देऊ शकत नाही. हे वाक्य मी नव्या मुलांना शिकवते.

मे महिन्यातली संध्याकाळ. भरती चढत होती. हाताला सुंगटाचा वास, पाठीवर घामाची धार. ठोका. घड्याळाची काच सव्वा इंचाची, तिच्यावर आज्ञेतली पहिली पस्तीस-चाळीस अक्षरं मावतात आणि मग तीन टिंबं. दिसलं ते एवढंच, जुन्या बिल्डचं, म्हणजे कोडपासून आपोआप तयार झालेल्या फायलींचं, फोल्डर काढून टाकायचं आहे. ते रोजच काढून टाकलं जातं, पुन्हा तयार होतं, त्यात काही जीव नसतो. मी चिकट करंगळीने 'हो' दाबलं.

तीन टिंबांच्या पलीकडे आणखी दोन फोल्डरं होती. त्यांतलं शेवटचं माझ्या नोंदींचं.

एजंटची बाजूही सांगायला हवी. त्याने चिठ्ठ्यांचा मजकूर नव्या साच्यात उतरवला होता, म्हणून जुनं फोल्डर आता लागणार नाही असा त्याचा समज झाला. त्या उतरवण्यात माझ्या हातच्या दुरुस्त्या गळाल्या होत्या, हे त्याला कळलं नाही. पण त्याने लपवलं काहीच नव्हतं. पूर्ण आज्ञा लिहून रीतसर विचारलं होतं. फोन खिशातून काढला असता तर तिन्ही नावं एकाखाली एक दिसली असती. विचारणाऱ्याने नीट विचारलं होतं. ऐकणारीने टिंबांना 'हो' म्हटलं. फोटो फोनवर शिल्लक होते. अकरा संध्याकाळी गेल्या.

घरी येऊन मी काय केलं? चिडून एजंटला जाब विचारला. त्याने अतिशय सभ्यपणे चूक कबूल केली, जे अशा वेळी फार चीड आणतं. मग घड्याळाच्या अ‍ॅपची नोंदवही उघडली. तोवर मला चारशेच्या वर वेळा विचारलं गेलं होतं आणि मी 'नाही' म्हटलं होतं तीनदा. त्यातलं एक बोट घसरून. ठोका आणि 'हो' यांच्यातलं अंतर बहुतेक वेळा तीन-चार सेकंद. त्या चारशेतल्या किती आज्ञा मी वाचल्या होत्या, हे नोंदवहीत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

रात्री जेवताना काकाला सगळं सांगितलं. एजंट, परवानगी, टिंबं, कसं कोण जाणे पण त्याला समजलं. तो एजंटला 'तुझो झील', म्हणजे तुझा मुलगा, म्हणतो. सोलकढीचा पेला खाली ठेवून म्हणाला, "सगळ्याक हो म्हटलंस, मगे राखण कसली ती?"

आई म्हणाली, "जेवताना तरी ता काढून ठेव गो."

नजर ठेवणं हे काम माणसाला मुळातच जमत नाही, हे काही आजचं नाही. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांत बसून समुद्रावर पाणबुड्या हुडकणारे रडारवाले जसजसा वेळ जाईल तसतसे पडद्यावरच्या खुणा हुकवत, हा त्यामागचा प्रश्न. त्यासाठी त्याने वापरलं घड्याळच. आकडे नसलेली पांढरी तबकडी, तिच्यावर टकटक पुढे सरकणारा एक काळा काटा. मधूनच, कधी ते सांगता येणार नाही अशा क्षणी, काटा दुप्पट उडी घेई. समोर दोन तास बसायचं आणि उडी दिसली की कळ दाबायची, एवढंच काम. चांगली धडधाकट माणसं पहिल्या अर्ध्या तासातच उड्या हुकवायला लागली. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं आणि लगेच जास्त वाईट वाटलं. त्या माणसांनी निदान घड्याळाकडे बघून तरी उडी चुकवली होती.

मग दुरुस्तीला लागले. पहिल्यांदा कुर्ली आणि मासा वेगळे केले. फायली वाचणं, शोधणं, चाचण्या चालवणं या टोचणाऱ्या कुर्ल्या. त्यांना विचारण्याचीच गरज नाही अशी यादी करून एजंटला देऊन टाकली. पुसून टाकणं सरसकट बंद. ज्या फोल्डरबाहेर त्याने पाऊल टाकायचं नाही त्याला कुंपण. दिवसाला पन्नासवर जाणारे ठोके सात-आठवर आले. उरलेल्यांचे आवाज वेगळे केले, म्हणजे स्पर्श. काम संपलं, एक लांब. अडलंय, दोन आखूड. काहीतरी मोडलंय, तीन आणि मध्ये विराम. बँकेला घड्याळावर प्रवेश बंद. आठवडाभरात मनगटाला ते वाचता यायला लागलं, काच न बघता. काकाच्या बोटाच्या पासंगालाही पुरणार नाही, पण बाराखडी तरी झाली.

दुसरी भानगड शांततेची. धक्क्यावर रेंजचं काही खरं नसतं. खाडीच्या पलीकडे गोवा. फोन कधी इकडचा मनोरा धरतो, कधी तिकडचा, कधी कोणाचाच नाही. एकदा दोन तास मनगट गप्प होतं आणि मी खुशीत होते की बघा, किती शहाण्यासारखं काम चाललंय. परत येताना रस्त्याच्या चढावर रेंज आली आणि नऊ ठोके एकामागून एक, जसं काही मधमाश्यांचं पोळं मनगटावर उठलं. तो पहिल्या पाच मिनिटांतच अडला होता.

ठोका आला नाही याचे अर्थ दोन. सगळं ठीक आहे, किंवा सांगणाराच उरला नाही. मनगटाला दोन्ही सारखेच वाटतात.

यावर उपाय मला काकाने दिला, स्वतःच्या नकळत. तो दर दहा-पंधरा मिनिटांनी, काहीही लागलेलं नसताना, तंगूस सगळा वर ओढून घेतो आणि पुन्हा सोडतो. मला ते नुसतं चाळवणं वाटायचं. एकदा विचारलं.

"वर घेवन बघूक व्हया," तो म्हणाला. "सुंगाट आसा काय बारक्यांनी खाल्ल्यानी, हडे बसान कसा कळतला?"

रिकाम्या गळावर तासभर बसून राहिलेली माणसं त्याने पाहिलेली आहेत. त्यांना वाटतं आज मासा नाही. तेव्हापासून माझा लॅपटॉप दर दहा मिनिटांनी एक गुपचूप निरोप पाठवतो. ठोका नाही, आवाज नाही, घड्याळाच्या तबकडीवर कोपऱ्यातला एक ठिपका फक्त हिरवा राहतो. दोन निरोप चुकले की तो करडा होतो. करडा म्हणजे वाईट काही झालंय असं नाही. करडा म्हणजे मला माहीत नाही. सगळ्या रचनेतला हा ठिपका मला सर्वांत प्रिय आहे.

जूनमध्ये पाऊस आला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे बंदरांवर सामसूम. खाडीत हाताने गरवणाऱ्यांचं मात्र चालू असतं. काका डोक्यावर प्लास्टिक घेऊन बसतो. मी छत्री घेऊन. अशाच एका भुरभुरीत मी पाहिलं की मी हात लावला नव्हता तरी काच उजळलेली आहे आणि घड्याळाचं पान आपोआप सरकतंय. पावसाचे थेंब. या काचेला बोट आणि पाणी यांतला फरक नीट कळत नाही. 'हो'चं बटण तेव्हा अजून तिथेच होतं. म्हणजे आभाळ माझ्या वतीने परवानग्या देऊ शकलं असतं. आणि माझ्यापेक्षा वाईट दिल्या नसत्या, असंही मनात आलं.

त्या रात्री मी 'हो' काढून टाकलं.

घड्याळावर आता एकच बटण आहे, 'थांब'. ते न वाचता दाबलं तरी बिघडत नाही. घामाने, पावसाने, चिकट करंगळीने दाबलं गेलं तरी एजंट थांबतो एवढंच, आणि थांबण्याने आजवर माझं एकही फोल्डर गेलेलं नाही. 'हो' म्हणायचं तर फोन काढायचा, आज्ञा शेवटपर्यंत सरकवायची आणि मग. आणि ती आज्ञा फोनवरही समजत नसेल तर घरी जाऊन. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग घड्याळाचा उपयोग काय राहिला? तिचं बरोबर आहे. विकत घेणारे लोक 'हो'साठीच घेतील. कुठेही बसा आणि काम पुढे ढकला, हे विकलं जातं. कुठेही बसा आणि काम अडवा, हे कोण घेणार?

पण अडवणं हा राखणीचा निम्मा भाग. उरलेला निम्मा वेतोबाने शिकवला म्हणायला हरकत नाही.

आरवलीचा वेतोबा आमच्या पंचक्रोशीचा राखणदार. रात्री तो गावभर फिरतो, राखण करतो, आणि त्यात त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. म्हणून त्याला नवसाला केळ्याचे घड देतात तशा चामड्याच्या वहाणा वाहतात, माणसाच्या पायाला कुठल्या कुठे मोठ्या होतील अशा. लहानपणी मी त्या ओळीने ठेवलेल्या वहाणांचे तळवे बघायला वाकायची आणि आई मागून झगा ओढायची. फिरताना वेतोबाला कोणी बघायचं नसतं. सकाळी तळवे बघायचे.

काका एकदा मला चिडवायला म्हणाला, "तेच्या वहाणा झिजतत, म्हणान कळता तो फिरलो. तुझ्या त्या झिलाच्या वहाणा खंय आसत?"

आहेत की, मी म्हटलं. आणि मग जाणवलं की आहेत, पण मी त्या बघणं सोडलं होतं. एजंटने काय काय बदललं त्याचा ओळ न् ओळ फरक गिटमध्ये पडलेला असतो. कुठली ओळ गेली, कुठली आली, कुठल्या फायलीत त्याचं काही काम नसताना तो डोकावून आला. घड्याळ आल्यापासून मला वाटायला लागलं होतं की ठोक्यागणिक आपण त्याच्याबरोबरच आहोत, मग पुन्हा कशाला वाचायचं. आता सकाळी चहाबरोबर मी तेवढंच करते. ओसरीवर बसून काल संध्याकाळचे तळवे बघते. तासभर जातो. कधी कधी सगळा कोड फेकून देते. कधी त्याने माझ्यापेक्षा बरं लिहिलेलं असतं, तेव्हा चहा जरा कडू लागतो.

चिठ्ठ्यांच्या नोंदी पुन्हा करायला बसले तेव्हा आणखी एक कळलं. त्या दोन कारखान्यांपैकी एकात चिठ्ठ्या लिहिणारी बाई 'एक' आणि 'सात' यांतला फरक आकड्याच्या शेपटीने नाही, आकड्याखाली ठिपका देऊन दाखवते. पहिल्या खेपेला मी घाईत तो ठिपका चिकाचा डाग समजले होते. म्हणजे गेलेल्या अकरा संध्याकाळींत बरंच काही चुकीचंही होतं. ते जाऊ दे. एजंटला मी हे सांगितलेलं नाही.

परवा भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास होती. पाऊस थांबलेला, खाडीला गढूळ लाल पाणी, पलीकडे गोव्याच्या बाजूला कोणाच्या तरी घरी दिवा लागलेला. घड्याळ मी आता उजव्या हातात घालते, तंगूस डाव्या. काका त्याच्या पायरीवर, मी एक पायरी वर. बराच वेळ काही नाही. एकदा वर घेऊन बघितलं, सुंगाट शाबूत. पुन्हा सोडलं.

मग डाव्या बोटावर काहीतरी चाखलं. एकदा. मी काकाकडे बघितलं नाही.

आणि नेमकं तेव्हाच उजव्या मनगटावर दोन आखूड ठोके. अडलंय.

"ओढू नको," काका हळूच म्हणाला. त्याला कसं कळलं कोण जाणे, माझ्या खांद्यावरून असेल. "खाव दी तेका."

पुन्हा चाखलं. मनगटावर पुन्हा दोन. ठिपका हिरवा होता. घरी माजघरात तो दारात उभा होता, आणि त्याला उभं राहायचा कंटाळा येत नाही. सुकती लागायला अजून वीस-पंचवीस मिनिटं होती. मी डोळे मिटले, म्हणजे बोट नीट ऐकू येईल.

तंगूस ताठ झाला.